हौदा

बांभोरीचा पूल ओलांडला की डाव्या हाताला शोरूम.
आत थंडगार. फरशी अशी,
की चपला काढाव्यात का, कळेना.
रोहिदासने काढल्याच.
बडगुजरांचा पोरगा, टाय लावलेला,
पाण्याचे दोन ग्लास ठेवून म्हणाला,
कार की पिकअप, ते तुमच्या लाइफस्टाइलवर आहे, काकू.

लाइफस्टाइल.
सांगितली मी त्याला.
पहाटे तीनला ऐंशी किलो वांगी टोचायची,
हिरवी, पांढुरक्या रेघांची, हाताएवढी,
तेलाचं बोट फिरवायचं एकेकावरून.
पऱ्हाटीचा जाळ. जाळात पदर सांभाळायचा.
मग सोलायची, कढत असतानाच.
माझे ठसे उमटत नाहीत आधारच्या मशीनवर.
चार पातेली, दोन काठवटी, मिरच्यांचं पोतं,
कळण्याच्या पुऱ्यांचं पीठ, सहा बाया, एक शेगडी,
आणि हे सगळं साडेनऊला
लग्नाच्या मांडवात, मागच्या दाराशी.

पोरगा म्हणाला, मग पिकअपच, काकू.
बघा, किती सोपं.

पण रोहिदास तोवर कारमध्ये जाऊन बसला होता.
अनवाणी.
स्टिअरिंगवर हात, काचेतून समोर बघत.
समोर तर भिंतच होती.
एकवीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं,
ह्या माणसाच्या मांडीवर काही नाही.
एरवी भाड्याच्या टेम्पोत मांडीवर पातेलं,
पातेलं उतरलं तर तेलाचा डबा,
तोही नसला तर हिशोबाची वही.

मला चाळीसगावचं लग्न आठवलं.
चुलतभावाच्या मुलीचं, हर्षालीचं.
नवा सदरा, टोपी, आहेराचं पाकीट खिशात,
टेम्पोवाला ओळखीचा म्हणून त्यातूनच गेलो.
गेटवरचा पोरगा म्हणाला,
भरीतवाले का? मागून घ्या, मागून.
मी तोंड उघडणार,
तोवर हा निघालाही मागच्या बाजूला.
तिथे दुसऱ्याच कुणाची चूल.
ह्याने बाह्या सारल्या, वाकून मीठ चाखलं,
जराखं कमी शे, म्हणाला.
लग्नाच्या फोटोत आम्ही नाही.

त्या रात्री वहीत मी दोन रकाने पाडले.
कारखाली लिहिलं: माहेर, पाऊस, कंबर, पुढचं गेट.
पिकअपखाली: वांगी.
हप्ता दोन्हींचा जवळपास सारखाच,
वांगी फेडतील असा एकच.
वही उघडीच राहिली.
सकाळी त्यानेच पहिला रकाना खोडला,
'पुढचं गेट' तेवढं सोडून.

गाडी आली. पांढरी.
हार घातला, लिंबू टांगलं,
सीटला मी जुन्या साडीचं कव्हर शिवलं.
मागे काय लिहू, पेंटरने विचारलं.
ह्याला काही सुचलं नाही. कोरीच ठेवली.
पहिल्या दिवशी काही भरायचं नाही, असं ठरलं.
दोघंच. एरंडोलवरून पद्मालय.

कुणी सांगितलं नव्हतं आम्हाला:
रिकामी पिकअप फार उडते.
खड्डा आला की आधी हौदा,
मग आपण, मग देवाचा नारळ.
माझे दात दोनदा जिभेवर आपटले.
देवळाशी पोचलो तर त्याने गाडी
थेट पुढे नेऊन लावली, जिथे कार लावतात तिथे.
हॉर्न वाजवला एकदा.
कुणी अडवलं नाही.
कुणी बघितलंही नाही.
तो उतरला, टोपी नीट केली,
दार लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

परतताना एका मळ्याशी गाडी थांबली.
दोन पोती वांगी पडली हौद्यात.
आज नाही ना ठरलं होतं, मी म्हटलं.
नही व, म्हणाला, रिकामी गाडी उडस.

आणि खरंच, मग नाही उडाली.
मी काही बोलले नाही.
धरणगाव येईपर्यंत
मनातल्या मनात मोजत होते,
किती किलो असतील.